टीव्हीवरचे रंग असे का दिसतात? गोव्यातल्या घरांतून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

फोंड्यात माझा फोटो स्टुडिओ होता आणि मागच्या खोलीत कलर लॅब. लग्नाच्या फोटोत नवरीच्या गालावर हिरवट झाक आली, की दुसऱ्या दिवशी तिची आई दारात उभी. त्यामुळे रंगाकडे संशयानं बघायची सवय लागली ती कायमची. लॅब बंद होऊन बरीच वर्षं झाली, पण नवा टीव्ही घेतला की ओळखीची माणसं अजून 'जरा येऊन बघून जा' म्हणून बोलावतात. सगळीकडे प्रश्न जवळजवळ तेच असतात, म्हणून ते इथे एकदा लिहून ठेवतो.

दुकानात झकास दिसलेला टीव्ही घरी आल्यावर डोळ्यांवर का येतो?

कारण तो अजून दुकानातच आहे असं त्याला वाटतंय. दुकानात एका भिंतीवर वीस-पंचवीस टीव्ही लावलेले, डोक्यावर ट्यूबलाइटांची रांग, आणि गिऱ्हाईक दहा मिनिटांत ठरवणार. अशा ठिकाणी जो जास्त उजळ, जास्त निळसर आणि जास्त भडक, तोच नजरेत भरतो. म्हणून प्रत्येक सेटमध्ये खास दुकानासाठी एक मोड असतो. त्यावर लावलेला व्हिडिओही कंपनीनेच बनवलेला असतो. काळ्या पार्श्वभूमीवर पोपट, मधाची धार, रात्रीची रोषणाई. असलं चित्र कुठल्याही पडद्यावर छानच दिसतं. तुमच्या घरी मात्र संध्याकाळी मालिका आणि बातम्या लागणार असतात.

टीव्ही पहिल्यांदा चालू करताना तो 'घर की दुकान' असं विचारतो. बसवायला आलेला मुलगा घाईत असतो, त्याच्या हातून कधी कधी दुकान दाबलं जातं. ओळखायची खूण सोपी आहे: तुम्ही सेटिंग बदलता आणि थोड्या वेळाने ती आपोआप पहिल्यासारखी होते. सेटिंगमध्ये जाऊन घरचा मोड निवडा. सापडत नसेल तर फॅक्टरी रिसेट करून पुन्हा सुरुवात करा, आणि या वेळी रिमोट स्वतःच्या हातात ठेवा.

मडगावच्या एका दुकानात मी 'मोड बदलून दाखवा' म्हटलं, तर विक्रेता म्हणाला, रिमोट आत आहे. मग आतून आणा, म्हटलं. आतून रिमोट काही आला नाही. मी टीव्ही दुसरीकडे घेतला.

रंग हा आवडीचा प्रश्न. त्यात 'अचूक' ते काय?

जेवणात तिखट किती घालायचं ही आवड. पण ज्याने रांधलं त्याने किती घातलं होतं, ही माहिती आहे. अचूक रंग म्हणजे ती माहिती. मालिका किंवा सिनेमा तयार करणारा माणूस अंधाऱ्या खोलीत एका प्रमाणित मॉनिटरसमोर बसून रंग ठरवतो. तो मॉनिटर आणि तुमचा टीव्ही एकाच मापाने चालत असतील, तर त्याने ठरवलेला चेहरा तुम्हाला तसाच दिसेल.

ही मापं ठरलेली आहेत. एचडी चित्रासाठीचं बीटी ७०९ हे प्रमाण १९९० चं. त्यात तांबडा, हिरवा आणि निळा म्हणजे नेमका कुठला, हे आकड्यांत लिहिलेलं आहे. पांढरा कुठला हेही लिहिलेलं आहे: त्याला डी ६५ म्हणतात, साधारण ६५०० केल्विन (केल्विन हे उजेडाच्या रंगाचं माप), ढगाळ दुपारच्या उजेडाच्या जवळपासचा. ४के आणि त्यापुढच्या चित्रांसाठी २०१२ मध्ये बीटी २०२० आलं. त्यात रंगांचा आवाका बराच मोठा आहे, इतका की आजचे घरगुती टीव्ही तो पुरता भरून काढू शकत नाहीत.

पूर्वी ही अचूकता नशिबावर होती. अमेरिकेतल्या १९५३ च्या एनटीएससी पद्धतीत सिग्नल जरा हलला की माणसांचे चेहरे हिरवे-जांभळे व्हायचे. तिथले तंत्रज्ञच त्या नावाचा अर्थ 'नेव्हर ट्वाइस द सेम कलर' असा लावून हसत. आपल्याकडे १९८२ मध्ये रंगीत प्रसारण आलं ते पाल पद्धतीने. तिच्यात दर ओळीआड रंगाच्या सिग्नलचा एक भाग उलटा करून पाठवतात, त्यामुळे चूक आपोआप खोडली जाते. म्हणून आपल्या जुन्या डब्ब्यांना टिंटचं, म्हणजे रंग हिरव्या-जांभळ्याकडे सरकवणारं, बटण बहुधा नसायचं. आताच्या टीव्हीत टिंट असतं. ते मध्यावर सोडा आणि विसरून जा.

मग कुठला पिक्चर मोड लावू?

सिनेमा, मूव्ही किंवा फिल्ममेकर. तुमच्या सेटमध्ये जे नाव असेल ते. फिल्ममेकर मोड २०१९ मध्ये टीव्ही कंपन्या आणि स्टुडिओ यांच्या संघटनेने पुढे आणला. एका बटणात बहुतेक सगळी ढवळाढवळ बंद, एवढंच त्याचं काम. तो नसेल तर सिनेमा मोड घ्या आणि रंगाचं तापमान 'वॉर्म' वर ठेवा. काही सेटमध्ये वॉर्म १ आणि वॉर्म २ असतात, तिथे दुसरा सहसा प्रमाणाच्या जास्त जवळ असतो.

लावला. सगळं पिवळं आणि मरगळलेलं दिसतं. टीव्ही खराब आहे का?

नाही. इथेच जवळजवळ प्रत्येक घरात गाडी अडते, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

व्हिव्हिड किंवा डायनॅमिक मोडमधला पांढरा खरं तर निळा असतो. केल्विनचा आकडा वाढेल तसा उजेड निळा होतो. समईची ज्योत दोन हजारांच्या आसपास, जुना पिवळा बल्ब २७००, आणि टीव्हीचे भडक मोड दहा हजारांच्याही वर जातात. डोळा फार लवकर सवय लावून घेतो. आठवडाभर निळा पांढरा पाहिला, की तोच पांढरा वाटायला लागतो आणि खरा पांढरा पिवळा दिसतो. लॅबमध्ये आम्ही सलग दोन तास प्रिंट तपासल्या की बाहेर उजेडात जाऊन यायचो, याच कारणाने.

एक प्रयोग करून बघा. आपल्या घरांतल्या बहुतेक ट्यूबलाइटांवर 'कूल डेलाइट' आणि ६५०० के असं छापलेलं असतं, म्हणजे डी ६५ च्या शेजारचाच उजेड. रात्री ती ट्यूब लावा, टीव्हीवर पांढरं काहीतरी आणा आणि शेजारी साधा कोरा कागद धरा. आधी व्हिव्हिड, मग वॉर्म. कागदाशी कुठला पांढरा जास्त जुळतो ते स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल. पिवळ्या बल्बच्या उजेडात हा प्रयोग करू नका. तिथे कागदच पिवळा असतो.

आणि चार दिवस थांबा. पाचव्या दिवशी व्हिव्हिड पुन्हा लावून बघा. शेजारच्या काकूंनी पहिल्या दिवशी 'आमचो पोरनोच बरो आशिल्लो' (आमचा जुनाच बरा होता) म्हणून तोंड वळवलं होतं. आठवड्याने नातवाने चुकून व्हिव्हिड लावला, तर त्यांनीच विचारलं, सगळ्यांनी चेहऱ्याला पावडर का फासलीय?

यंत्राशिवाय रंग बरोबर आहे हे कसं ओळखायचं?

ज्या गोष्टींचा रंग तुम्हाला पाठ आहे, त्यांच्याकडे बघा. सगळ्यात आधी माणसाचा चेहरा. मालिकेतले सगळे एकाच भट्टीतून काढल्यासारखे नारिंगी दिसत असतील तर 'कलर' जास्त आहे.

मी स्वतः अबोलीवर विश्वास ठेवतो. केसांत माळलेल्या अबोलीचा रंग ना धड नारिंगी ना धड गुलाबी, म्हणून तर मराठीत त्या रंगाला तिचंच नाव आहे. भडक मोड पहिला बळी तिचा घेतो. ती झेंडूसारखी होऊन जाते. तसंच साड्यांचं. डाळिंबी आणि राणी हे दोन रंग शेजारी असताना वेगळे दिसायला हवेत. मोरपंखीतला हिरवा आणि निळा दोन्ही टिकायला हवेत. सोलकढी फिकट गुलाबी दिसायला हवी, सरबतासारखी नव्हे. पावसाळ्यातल्या शेताचा हिरवा तर हमखास खोटा होतो. खऱ्या भाताच्या हिरव्यात पिवळा बराच असतो, टीव्ही त्याला प्लॅस्टिकच्या पानाचा हिरवा करतो.

चवथीच्या माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या फळापानांच्या चौकटीचं, दृश्य कुठे लागलं तर थांबून पाहा. पिकलेली सुपारी, कवंडळ, आंबाडे, केळीचा घड, आंब्याचे टाळे, आणि खाली समईचा उजेड. इतके जवळजवळचे हिरवे, पिवळे आणि केशरी एका चौकटीत दुसरीकडे क्वचितच मिळतात. त्यातलं एकेक फळ वेगळं ओळखू आलं तर तुमचा टीव्ही बरा लागलाय. (मोबाईलवर स्वतः काढलेला व्हिडिओ मात्र यासाठी पुरावा धरू नका. मोबाईलही रंग चढवतोच.)

ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, शार्पनेस... कुठलं बटण काय करतं?

नावांनी फार गोंधळ घातलाय. जुन्या रीतीप्रमाणे ब्राइटनेस हे बटण काळा किती काळा ते ठरवतं, आणि कॉन्ट्रास्ट हे पांढरा किती पांढरा ते. पडद्यामागचा दिवा किती जळणार हे बॅकलाइट ठरवतो. काही नव्या सेटमध्ये बॅकलाइटलाच ब्राइटनेस म्हणतात आणि खऱ्या ब्राइटनेसला ब्लॅक लेव्हल. म्हणून नावावर जाऊ नका. बटण हलवा आणि नेमकं काय बदलतंय ते पाहा.

सुरुवात बॅकलाइटपासून. रात्री दिवे मंद करून बसता तेव्हा डोळे न दिपता पाहता येईल इतका कमी, दुपारी त्याहून जास्त. याने रंग बिघडत नाही, तेव्हा हे बटण दिवसातून दोनदा हलवलं तरी चालेल.

मग काळा. सिनेमातलं रात्रीचं दृश्य थांबवा, ज्यात कुणीतरी काळा कोट घातलाय किंवा काळ्या केसांची व्यक्ती अंधारात उभी आहे. ब्राइटनेस कमी करत गेलात तर एका जागी केस आणि कोट यांचा एकच काळा गोळा होईल. तिथून दोन-तीन पायऱ्या वर या, घड्या आणि बटा दिसू लागतील. आणखी वर गेलात तर सगळ्या अंधारावर धुकं पसरेल. त्या दोघांच्या मधे थांबा.

पांढऱ्यासाठी मी आरतीचं दृश्य घेतो. निरांजनाच्या ज्योतीत पिवळा गाभा आणि कडा वेगळी दिसायला हवी. कॉन्ट्रास्ट फार चढवला की ज्योतीच्या जागी नुसता पांढरा ठिपका राहतो, आणि पांढऱ्या धोतराच्या निऱ्याही गायब होतात.

कलर बहुतेक वेळा मध्यावर बरा असतो. सिनेमा मोडमध्ये तो आधीच बरोबर असतो, हलवू नका.

शार्पनेसविषयी माझं मत कडक आहे: शून्य, किंवा शून्याच्या जवळ. शार्पनेस नवीन तपशील आणत नाही. कडांभोवती पांढरी रेघ ओढून चित्र रेखीव असल्याचा भास करतो. बातम्यांतल्या अक्षरांकडे जवळून पाहा, प्रत्येक अक्षराभोवती उजळ वलय दिसेल. काही मोजक्या कंपन्यांच्या सेटमध्ये शून्यावर चित्र उलट मऊ होतं. तिथे वलय दिसेनासं होईल इतकंच खाली आणा.

डायनॅमिक कॉन्ट्रास्ट, ब्लॅक स्ट्रेच, कलर एन्हान्सर, नॉइज रिडक्शन, 'एआय पिक्चर' हे सगळं बंद. फक्त जुन्या एसडी (एचडी नसलेल्या) चॅनलवर नॉइज रिडक्शन थोडं ठेवलं तर मला हरकत नाही.

चित्र मधेच आपोआप काळवंडतं. का?

एनर्जी सेव्हिंग किंवा खोलीतला उजेड मोजणारा सेन्सर चालू आहे. वीज वाचवायची तर ठीक, पण दृश्यागणिक उजेड कमीजास्त होत असेल तर दोन्ही बंद करा आणि बॅकलाइट हाताने कमी करा. वीज तरीही वाचते.

सिनेमा बघताना असं वाटतं की मांडवात नाटक चाललंय. हे काय आहे?

हे वर्णन माझं नाही, पेडण्याच्या एका गृहस्थांचं आहे, आणि ते अगदी नेमकं आहे. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांनी चित्रित होतो. टीव्ही स्वतःच्या मनाने मधली चित्रं तयार करून घुसवतो, हालचाल तेल लावल्यासारखी गुळगुळीत होते, आणि कोट्यवधींचा सिनेमा व्हिडिओ कॅमेऱ्यावर टिपलेल्या कार्यक्रमासारखा दिसू लागतो. प्रत्येक कंपनीने याला वेगळं नाव दिलंय, पण त्यात मोशन, स्मूथ किंवा फ्लो असा शब्द बहुधा असतो. बंद करा. क्रिकेट किंवा फुटबॉल बघताना हवं तर चालू ठेवा. आपल्याकडे फुटबॉलवेड्या घरांत यावरून भांडणं होतात हे मला माहीत आहे.

४के टीव्ही घेतला, पण चॅनल जुन्या टीव्हीपेक्षा धूसर दिसतात.

हिशोब करू. एसडी चॅनलचं चित्र फार तर ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचं, म्हणजे सुमारे ४ लाख १५ हजार. तुमच्या पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. एका ठिपक्याच्या मालावर टीव्हीला वीस ठिपके भरायचे आहेत. लहान वाटीतली कढी परातीत ओतल्यावर जे होतं तेच होणार. जुना टीव्ही लहान होता, म्हणून झाकलं जात होतं.

पण तक्रार करण्याआधी सेट टॉप बॉक्सच्या मागे बघा. पिवळी-तांबडी-पांढरी वायर लावलेली असेल तर आधी ती काढून एचडीएमआय लावा. पिवळ्या वायरीतून सगळा रंग आणि उजेड एकत्र कोंबून येतो आणि कडांवर रंग पाझरतो. एचडीएमआय असेल तरी बॉक्सच्या मेनूत आउटपुट ५७६ वर अडकलेला असू शकतो. तो १०८० करा. मी पाहिलेल्या घरांपैकी निदान निम्म्यांत एचडीचे पैसे भरून एसडी पाहणं चालू होतं.

आणि माणसं जाडी, बुटकी दिसत असतील तर चित्राचा आकार १६:९ वर ताणलेला आहे. जुने कार्यक्रम ४:३ चे असतात. दोन्ही बाजूला काळ्या पट्ट्या येऊ द्या.

महाग एचडीएमआय केबलने रंग सुधारतो का?

नाही. डिजिटल सिग्नल एकतर पोचतो किंवा तुटतो, मग चित्रात ठिपके चमकतात किंवा पडदा काळा होतो. रंग फिका होत नाही.

काळा रंग करडा दिसतो, किंवा अंधारातलं काहीच दिसत नाही. सेटिंग तर बरोबर आहे.

बॉक्स किंवा लॅपटॉप आणि टीव्ही यांचं आपसात जमत नसेल. व्हिडिओच्या आठ बिटांच्या प्रमाणात काळा १६ वर आणि पांढरा २३५ वर असतो, संगणकाच्या प्रमाणात ० आणि २५५. एकाने एक धरलं आणि दुसऱ्याने दुसरं, तर चित्र धुरकट तरी होतं किंवा अंधार गिळून टाकतं. दोन्हीकडे 'ऑटो' ठेवा. नाही जमलं तर दोन्हीकडे 'लिमिटेड' निवडा.

ओएलईडी, क्यूएलईडी, मिनी एलईडी, साधा एलईडी. घ्यायचा कुठला?

आधी नावांची भानगड. साधा एलईडी, क्यूएलईडी आणि मिनी एलईडी हे तिन्ही मुळात एलसीडीच. मागे दिवे, पुढे झडपांसारखं पॅनेल. क्यूएलईडीत त्या उजेडाच्या वाटेत क्वांटम डॉट म्हणजे अतिसूक्ष्म कणांचा थर असतो, त्याने तांबडा आणि हिरवा शुद्ध होतो. याच कणांच्या शोधासाठी २०२३ चं रसायनशास्त्राचं नोबेल दिलं गेलं. मिनी एलईडीत मागचे दिवे खूप लहान आणि खूप जास्त असतात, त्यामुळे चित्राच्या अंधाऱ्या भागातले तेवढेच दिवे मंद करता येतात. ओएलईडी मात्र वेगळी जात आहे. तिथे प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो आणि स्वतः विझतो. म्हणून तिथला काळा खरोखर काळा.

माझा कौल खोलीवरून ठरतो. आपल्या बऱ्याच घरांत टीव्ही बाहेरच्या सालात म्हणजे दिवाणखान्यात असतो, समोर दरवाजा उघडा, पलीकडे बलकांव म्हणजे ओसरी आणि त्यापलीकडे दुपारचं ऊन. तिथे ओएलईडीचा खोल काळा त्या उजेडात बुडून जातो. उजळ मिनी एलईडी बरा. रात्री दिवे मालवून सिनेमे पाहणाऱ्यांनी ओएलईडी घ्यावा. दिवसभर एकच बातम्यांचं चॅनल लावून ठेवणाऱ्यांनी घेऊ नये, कारण लोगो आणि खालची पट्टी वर्षानुवर्षं एकाच जागी राहिली की पॅनेलवर तिची सावली उमटू शकते.

साध्या एलसीडीतही दोन जाती आहेत. व्हीए पॅनेलचा काळा गडद, पण बाजूला बसलेल्याला रंग उडालेले दिसतात. आयपीएस बाजूनेही बरा दिसतो, पण रात्री त्याचा काळा करडा होतो. लांब खोलीत सोफ्यावर ओळीने सहा माणसं बसणार असतील तर दुकानात बाजूला जाऊन उभे राहा आणि मग ठरवा.

एचडीआर सिनेमा उलट काळोखा का दिसतो?

एचडीआर म्हणजे उजेड-अंधाराचा पल्ला मोठा असलेलं चित्र. साध्या चित्रात उजेड सापेक्ष असतो. टीव्हीचा सगळ्यात जास्त उजेड म्हणजे पांढरा, तो किती ते तुमच्या हातात. एचडीआर १० आणि डॉल्बी व्हिजन यांत प्रत्येक छटेला ठरलेला आकडा असतो, निट या उजेडाच्या मापात. सिनेमा १००० किंवा ४००० निटवर तयार केलेला, आणि तुमच्या स्वस्त एलईडीची धाव साधारण २५० ते ३०० निटची. मग टीव्ही वरचा उजेड दाबून बसवतो आणि त्या नादात मधलं चित्रही खाली जातं. वर खोलीत ऊन असेल तर संपलंच.

उपाय: एचडीआर चालू असताना बॅकलाइट पूर्ण, एनर्जी सेव्हिंग बंद, पडदे ओढलेले. तरी नाही जमलं तर अ‍ॅपमध्ये किंवा बॉक्समध्ये एचडीआर बंद करून साधं चित्र बघा. यात काही कमीपणा नाही. पणजीत इफ्फीला (आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) पडद्यावर जो सिनेमा आपण तोंडात बोटं घालून पाहतो, त्या थिएटरच्या पडद्याचा पांढरा प्रमाणानुसार फक्त ४८ निटचा असतो. ४८ पुरतात, कारण सभोवती मिट्ट काळोख असतो.

मग खोलीचं काय करायचं?

खिडकी टीव्हीच्या समोर नको, पाठीमागे तर त्याहून नको. बाजूला चालेल. आपल्याकडे भिंतींना गडद पिवळा, निळा, विटकरी रंग द्यायची हौस आहे, आणि मलाही ती घरं आवडतात. पण टीव्हीमागची भिंत गर्द पिवळी असेल तर डोळा तो पिवळा वजा करत बसतो आणि पडदा निळसर वाटतो. ती एकच भिंत फिकट करडी किंवा पांढरी ठेवा. रात्री संपूर्ण अंधार करण्यापेक्षा टीव्हीच्या मागे ६५०० केल्विनची मंद एलईडी पट्टी लावा. डोळे थकत नाहीत आणि काळा अधिक काळा भासतो. रंग बदलणाऱ्या पट्ट्या दसऱ्यापुरत्या ठीक.

किती इंची घ्यायचा आणि किती लांब बसायचं?

डोळ्यांसमोर पडदा साधारण ३० अंशांचा कोन व्यापेल असं बसायचं. ४३ इंचीसाठी सहा फूट, ५५ साठी साडेसात, ६५ साठी नऊ फुटांच्या आतबाहेर. आता मजा बघा: चांगल्या नजरेच्या माणसाला ४३ इंचीवर फुल एचडी आणि ४के यांतला फरक सहा फुटांच्या पलीकडे कळणं कठीण. म्हणजे बारा फुटांवर सोफा आणि भिंतीवर ४३ इंची ४के, हे पैसे पाण्यात. तेवढ्या पैशांत चांगल्या पॅनेलचा सेट येतो.

आणि टीव्ही देवाच्या फोटोच्या उंचीवर लावू नका. बसल्यावर डोळे पडद्याच्या मध्याच्या आसपास यायला हवेत.

पावसाळ्यात चित्र बिघडतं. टीव्ही की डिश?

चित्राचे चौकोन होऊन ते थिजत असेल तर डिश. आपली डीटीएच सेवा केयू बँडवर चालते आणि त्या लहरी जोरदार पावसात अडतात. पाऊस ओसरला की येतं परत. पण रंगात झाक येणं किंवा पडद्यावर डाग येणं हे पावसाने सिग्नल अडून होत नाही, ते टीव्हीचं किंवा वायरीचं दुखणं आहे.

दमट खारी हवा हा आपला खरा शत्रू. किनाऱ्याजवळच्या घरांत सॉकेटांवर हिरवट पूड धरते. महिन्यातून एकदा टीव्ही बंद करून वायरी काढून परत घट्ट बसवा. जून ते सप्टेंबर घर बंद ठेवणार असाल तर टीव्हीचा प्लग काढून ठेवा. घरात असाल तर रोज थोडा वेळ तरी चालू करा, आतली ऊब ओल काढते. मुंग्यांना आणि पालींनाही ती ऊब आवडते, हे वेगळं सांगायला नको. मागच्या फटी कापडाने झाकू नका, तापून पॅनेल जाईल.

व्होल्टेज कमी झाल्याने रंग बदलत नाही. बहुतेक सेटच्या मागे १०० ते २४० व्होल्ट लिहिलेलं असतं. धोका वीज परत येतानाच्या झटक्याचा आणि विजांचा. गडगडाट सुरू झाला की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढा. नुसतं रिमोटने बंद करून काही होत नाही.

नव्या पडद्यावर ढगांसारखे डाग दिसतात. बदलून घेऊ का?

पूर्ण काळ्या पडद्यावर कोपऱ्यांत थोडा उजेड दिसणं एलसीडीत नेहमीचं आहे. यूट्यूबवर सपाट करड्या रंगाचा पडदा शोधून लावा आणि नेहमीच्या जागेवरून बघा. तिथून डाग, उभ्या पट्ट्या किंवा एका बाजूला गुलाबी झाक दिसत असेल तर फोटो काढा आणि बदलून देण्याची मुदत संपायच्या आत लेखी तक्रार करा. फोनवर 'बघतो' म्हणणाऱ्यावर विसंबू नका. मी एकदा विसंबलो होतो, तो डाग अजून आमच्या आतल्या खोलीत आहे.

आकाशात पट्टे पट्टे दिसतात, सूर्यास्ताच्या वेळी तर जास्तच.

आठ बिटांत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, दहा बिटांत १०२४. मिरामारच्या किनाऱ्यावरच्या संध्याकाळसारखं केशरीतून जांभळ्यात हळूहळू उतरणारं आकाश २५६ पायऱ्यांत नीट बसत नाही. त्यात इंटरनेट मंद असेल तर अ‍ॅप चित्र आणखी आवळतं. टीव्ही दहा बिटांचा असला तरी येणारं चित्र आठचं असेल तर पट्टे राहणारच.

यंत्र लावून कॅलिब्रेशन करून घ्यावं का?

पडद्यावर सेन्सर टेकवून रंग मोजतात आणि प्रमाणापासून किती चुकला ते डेल्टा ई या आकड्यात येतं. तीनच्या खाली असेल तर बहुतेकांना फरक जाणवत नाही. चांगल्या सेटचा सिनेमा मोड हल्ली डब्यातून काढल्या काढल्याच त्याच्या जवळपास असतो. तेव्हा साध्या टीव्हीवर हा खर्च करू नका. महाग ओएलईडी घेतलाय आणि वेगळी अंधारी खोली आहे, तर जरूर करा. एक मात्र, मित्राच्या त्याच मॉडेलच्या सेटिंगचे आकडे जसेच्या तसे उचलू नका. दोन पॅनेल जुळी असली तरी एकसारखी नसतात.

सगळं बरोबर लावलं, पण घरातली माणसं परत भडक करतात.

बऱ्याच टीव्हीत प्रत्येक इनपुटची सेटिंग वेगळी राहते. सेट टॉप बॉक्सचं इनपुट त्यांना देऊन टाका, तिथे स्टँडर्ड मोड ठेवा आणि रंग दोन पायऱ्या वर. तुमचा सिनेमा दुसऱ्या इनपुटवर. आमच्या घरी गेली चार वर्षं असंच चाललंय. एचडीएमआय १ सौभाग्यवतींचं, २ माझं, आणि मॅच असेल त्या दिवशी दोन्ही मुलाची.